एकांताची खोली आणि चाळीची भिंत : एकोणिसाव्या शतकातील कादंबरीच्या चित्रपटरूपांतराविषयी

कादंबरीवरून चित्रपट निघाला की त्याची चर्चा बहुधा एकाच प्रश्नावर येऊन थांबते : चित्रपटाने मूळ कथेशी कितपत इमान राखले? कोणते प्रसंग गाळले, कोणती पात्रे एकत्र केली, शेवट का फिरविला याची जंत्री तयार होते आणि तिच्या आधारे रूपांतराचे मूल्य ठरविले जाते. ही पद्धत सोयीची असली तरी एकोणिसाव्या शतकातील कादंबरीच्या बाबतीत ती फारशी उपयोगी पडत नाही. त्या कादंबऱ्यांचे कथानक मुळातच उचलण्याजोगे असते. खून, वारसा, विफल प्रेम, कर्ज यांना कोणत्याही शहराची वस्त्रे चढविता येतात. उचलता येत नाही ती निराळीच वस्तू. या कादंबरीने माणसाला दार लावून घेता येईल अशी एक खोली दिली आणि त्या खोलीत स्वतःशी बोलण्याची मुभा दिली. कादंबरीतील अंतर्गत भाषण ज्याला म्हणतात, ते वाढले या खोलीच्या आश्रयाने. तेव्हा रूपांतराची खरी परीक्षा घ्यावयाची तर कथा कोठे नेली हे पाहण्याबरोबरच ही खोली कोठे नेली, आणि नव्या ठिकाणी तिच्यातील बोलण्याचे काय झाले, हेही पाहावे लागते.

मुंबईच्या चित्रसृष्टीला हा प्रश्न फार जवळचा आहे. या शहरातील बहुसंख्य माणसे ज्या खोलीत राहिली ती खोली युरोपीय कादंबरीतील खोलीहून वेगळ्या जातीची आहे. वरळीची बीडीडी चाळ हा तिचा स्वच्छ नमुना होय. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या सरकारी खात्याने गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० नंतरच्या काही वर्षांत, वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे ज्या चाळी उभारल्या त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका इमारतीत ऐंशी. प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. मध्ये पॅसेज, दोन्ही बाजूंना दारे, खोलीत एक मोरी, संडास मात्र सामाईक. चुना-विटांऐवजी काँक्रीटचे हे बांधकाम आरंभी कामगारांना रुचले नाही आणि अनेक खोल्या बराच काळ रिकाम्या राहिल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात तर यांपैकी काही इमारतींचा तात्पुरता तुरुंग झाला. पुढे गिरण्यांच्या आधाराने वस्ती भरली, आणि अशी भरली की एका खोलीत एक कुटुंब ही चैन ठरावी. एकाच गावच्या पुरुषांनी मंडळ करून घेतलेल्या खोल्यांत माणसे गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे झोपत; एक कामावरून आला की दुसऱ्याचे अंथरूण त्याचे होई. दिवसा खोलीचे दार उघडे ठेवावयाचे हा अलिखित नियम. लावलेले दार म्हणजे घरात आजार, भांडण किंवा लपविण्याजोगे काही तरी आहे, असा त्याचा अर्थ होई.

आता या चाळीपुढे दोस्तोयेव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’ (१८६६) या कादंबरीतील खोली ठेवावी. पीटर्सबर्गमधील पाच मजली घराच्या अगदी छपराखाली रास्कोलनिकोव्ह राहतो. ती खोली कपाटासारखी आहे. त्याच्या आईला ती शवपेटीसारखी वाटते. मापाने पाहिले तर वरळीची खोली तिच्यापेक्षा फार मोठी नसावी. दारिद्र्य दोन्हीकडे आहे, भाडे थकणे दोन्हीकडे आहे, सावकाराची पायरी चढणे दोन्हीकडे आहे. भेद आहे तो एकांताचा. रास्कोलनिकोव्ह दिवसच्या दिवस कोचावर पडून राहू शकतो. त्याच्या खुनाची उपपत्ती, म्हणजे असामान्य माणसाला सामान्यांचे नियम ओलांडण्याचा अधिकार असतो ही कल्पना, या पडून राहण्यातच पोसली गेली आहे. सावकारिणीच्या घरापर्यंतची नेमकी ७३० पावले त्याने मोजून ठेवली आहेत; असे मोजमाप ज्याला कोणी हटकत नाही त्यालाच साधते. त्या खोलीतही माणसे येतात हे खरे. मोलकरीण येते, मित्र येतो, डॉक्टर येतो. आजारपणात तर तेथे गर्दी होते. परंतु ही माणसे बाहेरून येतात आणि नायकाला त्यांचे येणे आक्रमणासारखे वाटते. चाळीत माणसे येत नाहीत. ती तेथे असतातच.

रशियन समीक्षक मिखाईल बाख्तिन यांनी १९२९ मध्ये दाखवून दिले की दोस्तोयेव्हस्कीच्या नायकाचे स्वगत हे खऱ्या अर्थाने एकट्याचे बोलणे नव्हेच; ते इतरांच्या शब्दांनी गजबजलेले असते. आईचे पत्र वाचल्यानंतर रास्कोलनिकोव्ह जे मनाशी बोलतो त्यात आईचे शब्द, बहिणीचे शब्द, तिच्या नियोजित वराचे शब्द यांना तो एकेक करून उलट उत्तरे देतो. हे बोलणे चालते कोठे, हेही पाहण्यासारखे आहे. पत्र वाचून होताच त्या पिवळट खोलीत त्याचा जीव गुदमरतो, तो बाहेर पडतो आणि पुटपुटत रस्त्याने चालू लागतो; येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो प्यालेला वाटतो. म्हणजे खोली त्याच्याबरोबर रस्त्यावर आली आहे. भर वाटेत तो बोलतो, पण ते ऐकावयास कोणी थांबत नाही. एकांत म्हणजे आवाजांचा अभाव असे दोस्तोयेव्हस्की मानीत नाही. त्याच्या एकांतात आवाज येतात, ज्यांचे ते आवाज ती माणसे येत नाहीत.

या कादंबरीचे मुंबईतील रूपांतर म्हणजे रमेश सैगल यांचा ‘फिर सुबह होगी’ (१९५८). राज कपूर यांनी रंगविलेला राम हा कायद्याचा गरीब विद्यार्थी, माला सिन्हा यांची सोहनी, नाना पळशीकर यांनी उभा केलेला तिचा व्यसनी बाप, लीला चिटणीस यांची आई, रहमान यांनी केलेला मित्र : मूळ पात्रांशी नाती जुळविणे कठीण नाही. खून सावकाराचा आहे, संशय निरपराध माणसावर जातो आणि रामची कबुली अखेरीस न्यायालयात येते. इमानाची जंत्री करणाऱ्याने येथे तक्रार केली की खुनामागील उपपत्ती गौण होऊन रामच्या हातून घडलेले कृत्य सोहनीला कर्जाच्या विळख्यातून सोडविण्यासाठी घडते. विचाराने केलेला खून येथे कणवेपोटी घडलेला अपघात होतो. ही तक्रार तथ्य म्हणून बरोबर आहे. तिचे कारण मात्र हिंदी चित्रपटाच्या भाबडेपणात किंवा तिकीटबारीच्या भीतीत शोधून भागत नाही. ज्या शहराच्या पार्श्वभूमीवर राम उभा केला आहे तेथे त्याच्या वर्गाच्या माणसाला असामान्यत्वाची उपपत्ती रचण्याइतका एकांत कोठून मिळावा? तेथे जे सतत कानावर पडते ते शेजारच्या घरातील कर्ज, मारझोड, मुलीचे लग्न. ऐकलेल्या दुःखावरून जे कृत्य घडेल ते कणवेचेच घडणार. सैगल यांनी कादंबरीचे कारण बदलले, त्यामागे शहराच्या रचनेचा रेटा आहे. आणि या दृष्टीने पाहता हा बदल रूपांतरातील सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग ठरतो. बदल फसतो तो पुढे, न्यायालयात. तेथे कबुलीचे भाषण इतके सफाईदार होते की त्यात अडखळणाऱ्या मनाचा मागमूस राहत नाही.

मग रास्कोलनिकोव्हच्या त्या पुटपुटण्याचे झाले काय? ते गाण्यात गेले. साहिर लुधियानवी यांनी या चित्रपटासाठी इक्बालांच्या प्रसिद्ध तराण्याचे विडंबन करून घर नसलेल्या माणसाचे गीत लिहिले. खय्याम यांचे संगीत, मुकेश यांचा आवाज, आणि रात्रीच्या मुंबईत हिंडणारा राम. गाण्यांवर नाक मुरडणाऱ्या समीक्षकाने येथे थोडे थांबून या गीताचे सर्वनाम पाहावे. ते ‘मेरा’ नाही, ‘हमारा’ आहे. इक्बालांच्या मूळ रचनेत हे अनेकवचन धर्मबंधूंच्या जगद्व्यापी समुदायाचे आहे. साहिर तेच अनेकवचन उचलून बेघरांच्या समुदायाला देतात. कादंबरीतील नायक रस्त्यावर बोलतो तेव्हा तो वेडा किंवा मद्यपी ठरतो, कारण त्याचा ‘मी’ कोणाचाच नसतो. चित्रपटातील नायक रस्त्यावर गातो तेव्हा तो रस्त्यावर निजलेल्या सर्वांच्या वतीने गातो. अंतर्गत भाषणाचे सार्वजनिक भाषणात झालेले हे रूपांतर कथानकातील कोणत्याही बदलाहून अधिक मूलगामी आहे, आणि जंत्रीत त्याची नोंद कोठेच होत नाही.

तुलनेसाठी रोबेर ब्रेसाँ यांचा ‘पिकपॉकेट’ (१९५९) घेता येईल. एकाच वर्षाच्या अंतराने पॅरिसमध्ये तयार झालेला हा चित्रपटही याच कादंबरीच्या छायेत वावरतो. तेथे खून नाही, खिसे कापणे आहे. पण असामान्य माणसाची उपपत्ती आहे, छपराखालची उजाड खोली आहे, आणि नायक आपली हकीकत रोजनिशीत लिहितो व तिचे शब्द आपल्याला ऐकू येतात. ब्रेसाँ यांनी गुन्हा बदलला आणि खोली राखली. सैगल यांनी गुन्हा बहुतांशी राखला आणि खोली बदलली. इमानाचे माप लावल्यास मुंबईचा चित्रपट पुढे जातो, आणि तरीही पॅरिसचा चित्रपट मूळ कादंबरीच्या अधिक जवळचा वाटतो. मापच चुकीचे असल्याची ही खूण आहे.

एकाकी नायकाला मुंबईच्या पडद्यावर माणसांत आणून बसविण्याची ही ओढ पुढेही टिकली. ‘व्हाइट नाइट्स’ (१८४८) या दोस्तोयेव्हस्कीच्या लघुकादंबरीतील स्वप्नाळू तरुण आठ वर्षे पीटर्सबर्गमध्ये राहूनही जवळजवळ कोणाला ओळखत नाही. संजय लीला भन्साळी यांच्या ‘सावरिया’त (२००७) तोच तरुण लोकांना रिझविणारा गायक होतो. या वेळी मात्र त्या बदलामागे कोणत्याही शहराचा रेटा नाही. निळ्या प्रकाशातील त्या भव्य नेपथ्याला पत्ताच नाही, आणि पत्ता नसलेल्या गावात माणूस एकटा काय किंवा लोकांतला काय, सारखाच.

भिंतीपलीकडून येणारा आवाज हा या विषयाचा दुसरा धागा. ‘क्राइम अँड पनिशमेंट’मध्ये रास्कोलनिकोव्ह सोन्यापाशी खुनाची कबुली देतो तेव्हा शेजारच्या रिकाम्या खोलीत स्विद्रिगायलोव्ह कान देऊन बसलेला असतो, आरामात ऐकता यावे म्हणून त्याने तेथे खुर्चीदेखील आणून ठेवली आहे. पीटर्सबर्गमध्ये दुसऱ्याचे बोलणे ऐकण्यासाठी असा बेत करावा लागतो आणि तो बेत पापाचा ठरतो. वरळीच्या पॅसेजमध्ये खुर्चीची गरज नाही. तेथे ऐकू येणे ही स्थिती आहे. शिष्टाचार आहे तो ऐकले नाही असे दाखविण्याचा.

आपल्याकडच्या एका एकोणिसाव्या शतकातील कादंबरीचा आरंभच अशा आवाजाने होतो. मिर्झा रुसवा यांच्या ‘उमराव जान अदा’त (१८९९) मुशायरा रंगला असता शेजारच्या खोलीतून, खिडकीवाटे, एका स्त्रीची दाद ऐकू येते, तीच उमराव. पुढे ती रुसवांना आपली कहाणी सांगते आणि ते मधूनमधून तिला टोकतात, छेडतात, प्रश्न विचारतात. तिचे ‘मी’ हे ऐकणाऱ्याच्या समोर, त्याच्या भिडेने आणि कधी त्याला बगल देऊन उच्चारलेले ‘मी’ आहे. मुजफ्फर अली यांच्या ‘उमराव जान’ (१९८१) या चित्रपटाने हा ऐकणारा काढून टाकला आणि कथा फैजाबादच्या बालपणापासून सरळ मांडली. शहरयार यांच्या गझला, खय्याम यांचे संगीत, आशा भोसले यांचा खालच्या पट्टीत उतरलेला स्वर आणि रेखा यांचा अभिनय यांनी तो चित्रपट श्रेष्ठ केला यात वाद नाही. तरी एक उणीव राहते. कादंबरीतील उमराव चतुर आहे, स्वतःच्या दुःखाकडे तिरकस पाहणारी आहे. चित्रपटातील उमराव केवळ दुःखी आहे. तिचा तिरकसपणा श्रोत्याशी चाललेल्या खेळात होता; श्रोता गेला, खेळही गेला.

मराठीत याच जातीचे उदाहरण हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’चे. ‘करमणूक’ पत्रातून १८९० पासून क्रमशः आलेली ही यमूची आत्मकथा. पुण्याच्या भरल्या घरात यमूला स्वतःचा असा कोपरा नाही. तो तिला मिळतो मुंबईत, नवऱ्याबरोबरच्या बिऱ्हाडात, आणि वैधव्याबरोबर तो जातो. मुंबईची खोली येथे गर्दीची नाही, मोकळीकीची आहे. चाळीच्या आधीच्या पिढीतील आणि वेगळ्या वर्गातील ही मुंबई आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. या कादंबरीतील खरी घटना म्हणजे यमूचे सांगणे : संसारातील वाक्प्रचारांनी भरलेली, मध्येच थांबणारी, स्वतःला दुरुस्त करणारी बायकी मराठी. मराठी चित्रपट हरिभाऊंकडे आरंभी वळला तो मात्र गडाच्या वाटेने. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीची त्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी बाबुराव पेंटर यांनी १९२३ मध्ये मूकपटात आणली आणि १९३३ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘प्रभात’साठी पुन्हा बोलपटात; दोन्हींचे नाव ‘सिंहगड’. (‘कुंकू’ हा १९३७ चा चित्रपटही अनेकदा हरिभाऊंच्या खात्यावर मांडला जातो, तो नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून केलेला आहे. नावांच्या उलटापालटीने हा घोटाळा होतो.) गड पडद्यावर दिसतो, माजघरातील पुटपुट दिसत नाही, मूकपटाने पहिल्याची निवड केली हे स्वाभाविकच होते. बोलपट आल्यानंतरही तीच निवड पुन्हा झाली, हे मात्र विचार करावयास लावणारे आहे.

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. दोस्तोयेव्हस्कीचा नायक मराठीत आणून वरळीच्या पॅसेजमध्ये उभा करावयाचा झाला तर तो स्वतःशी कोणत्या सर्वनामाने बोलेल? प्रमाण मराठीत ‘मी’ आहे, श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आहे आणि श्रोत्याला सामावून घेणारे ‘आपण’ आहे. गिरणगावच्या बोलीत मात्र ‘आपण’ एकवचनी ‘मी’च्या जागीही सर्रास येते. “आपण नाय पडत त्या भानगडीत” असे म्हणणारा माणूस फक्त स्वतःविषयी बोलत असतो. “आपल्याला काय करायचंय?” हे चाळीचे वाक्य तर शेजारणीला उद्देशून आहे की स्वतःच्या मनाला, हे आघातावरूनही नेहमी कळत नाही. व्युत्पत्तीने पाहता ‘आपण’चे मूळ ‘आत्मन्’मध्ये, प्राकृतातील ‘अप्पण’मध्ये आहे, म्हणजे जो शब्द मुळात ‘स्वतः’ या अर्थाचा, तोच मराठीत ‘तुझ्यासह आम्ही’ झाला आणि गिरणगावात पुन्हा ‘मी’कडे परतला, तोही ‘तुझ्यासह’चा वास अंगाला लागलेला घेऊन. रास्कोलनिकोव्हचा ‘असामान्य मी’ या शब्दात मावणे कठीण. “आपण असामान्य आहोत” असे वाक्य पॅसेजमध्ये उच्चारले तर ऐकणारा आपल्यालाही त्यात धरील, आणि उपपत्ती तेथेच कोसळेल. अनुवादकाला ‘मी’ लिहून ही अडचण टाळता येते. कागदावर कोणी हरकत घेत नाही. पडद्यावर ते वाक्य एखाद्या नटाला एखाद्या खोलीत उच्चारावे लागते आणि खोली खोटी ठरते. ‘फिर सुबह होगी’च्या कर्त्यांनी या मुद्द्याचा व्याकरणाच्या अंगाने विचार केला असेल असे नाही. साहिर यांचे ‘हमारा’ तरी त्याच ठिकाणी येऊन पोचते, आणि ते विचाराने आले की कानाने, हे ठरविण्याची आवश्यकता नाही.

जी खोली या सर्व चर्चेत मापदंड म्हणून वापरली ती आता पाडली जात आहे. वरळीच्या चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन १ ऑगस्ट २०२१ रोजी झाले. ‘म्हाडा’च्या या प्रकल्पातील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट, आत स्वतःचे न्हाणीघर व संडास, बाहेर उद्वाहन, आणि दिवसाही लावलेले राहू शकेल असे दार. ज्या कुटुंबांनी तीन-तीन पिढ्या पॅसेजमध्ये अंथरुणे घातली त्यांना हे दार मिळणे ही न्यायाचीच गोष्ट आहे. त्या दारामागे कादंबरीतील स्वगताला लागणारी जागा वरळीत प्रथमच तयार होत आहे. यापुढे ‘क्राइम अँड पनिशमेंट’ त्या बाविसाव्या किंवा तिसाव्या मजल्यावर नेऊ पाहणाऱ्या दिग्दर्शकाला नायकाचा एकांत शोधत हिंडावे लागणार नाही. त्याची अडचण उलट दिशेने सुरू होईल : सोन्याचे दुःख त्या नायकाच्या कानावर कोणत्या वाटेने यावे, आणि स्विद्रिगायलोव्हने आपली खुर्ची ठेवावी तरी कोठे.